आठ नंबरची कमान

आमच्या घरात माणसं तीन होती आणि चौथी एक इमारत होती. आई तिला ‘आठ नंबर’ म्हणायची. बायका माहेरच्या आळीतल्या घराबद्दल बोलतात तशा सुरात. फ्रान्सच्या उत्तरेला एका लहानशा गावात एक मोठा चौक आहे. चौकाच्या चारी बाजूंना सारख्या चेहऱ्याची घरं, खाली कमानींची सलग ओवरी, वर गुलाबी विटा आणि पांढरा दगड, त्यावर काळसर दगडी पाट्यांचं उभट छप्पर. सगळं सतराव्या शतकातलं. त्यातलं आठ नंबरचं घर आईने शिकत असताना टेप आणि ओळंबा घेऊन दगड न दगड मोजलं होतं. त्या वेळी ती तिथे दोन हिवाळे राहिली होती, लग्नाआधी. हा ‘लग्नाआधी’ शब्द आमच्याकडे भांडणात वापरायचा असे. आई तो उच्चारायची आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्या इमारतीला सरकारी संरक्षण होतं, तिच्या खिडकीचा रंग बदलायचा तरी परवानगी लागे, हे मला बाराखडीच्या आधीपासून माहीत असावं. मला तिचा मनापासून तिटकारा होता. आमच्या दिवाणखान्यात तिचा काळापांढरा फोटो होता, भिंतीला टेकवून ठेवलेला, कारण भाड्याच्या फ्लॅटच्या करारात भिंतीला खिळा ठोकायची बंदी होती. बाबा पाहुण्यांना सांगायचे, “ही इमारत संरक्षित, ही भिंत संरक्षित, फक्त मीच उघड्यावर आहे.” पाहुणे हसायचे आणि आई चहाला आत जायची.

फ्लॅट परदेशात होता, तोआ पायोह नावाच्या वस्तीत, जुन्या ब्लॉकमध्ये. वरच्या मजल्यावरची म्हातारी दुपारभर मैत्रिणींबरोबर माजाँगच्या सोंगट्या खडखडवत बसे. खाली भंगारवाला भोंगा वाजवत फिरे. स्वयंपाकघरात कचरा थेट तळमजल्यावर टाकायचं धुराडं होतं, त्याचं झाकण उघडलं की कालच्या सगळ्या बिऱ्हाडांचं जेवण नाकात शिरे. बाबा हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत कॉम्प्युटरचं खातं सांभाळायचे, त्यांचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीपुरता तिथे राहायचा परवाना, होता आणि आई-मी त्यांच्या पासावर लटकलेल्या. आईच्या कार्डावर ‘डिपेंडंट’ असं छापलेलं होतं. तिला दोनदा नोकरी मिळता मिळता राहिली होती, पास जुळत नव्हता म्हणून. बाबा चांगल्या मूडमध्ये असले की तिला “काय डिपेंडंट, आज काय बेत?” म्हणायचे. त्यांना ते प्रेमळ वाटे. आई कांदा चिरत असली तर सुरीचा आवाज बदलायचा, एवढंच. मी शाळेतून येऊन खोलीचं दार लावून घ्यायची. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघंही माझ्याशी एकमेकांबद्दलच बोलायची याचा जास्त.

त्या वर्षी आषाढात आईला त्या गावातून फोन आला. तिला मोजमाप शिकवणाऱ्या बाई आता तिथल्या जुन्या इमारतींच्या कामाच्या प्रमुख होत्या. आठ नंबरच्या कमानी खचायला लागल्या होत्या, थंडी सरली की दुरुस्ती सुरू होणार होती, आणि त्या कमानींचा प्रत्येक दगड हातांनी ओळखणारं माणूस त्यांना हवं होतं. एक वर्षाचं काम. आईने फोन ठेवला आणि डाळीला फोडणी दिली. जेवताना तिने ते सांगितलं. बाबांनी आमटीत भात कालवला आणि म्हणाले, “तिथे खिडकी रंगवायला परवानगी लागते म्हणे. इथे बायको वर्षभर घर सोडून जायचं म्हणते, तिला नको कुणाची परवानगी!”

“मी जाते म्हटलेलं नाही अजून,” आई म्हणाली. “मला विचारलंय. इथे आणताना तेवढंही कुणी विचारलं नव्हतं.”

“डोन्ट फाइट लाह,” मी म्हणाले, “आय गॉट टेस्ट टुमॉरो.”

“मराठीत बोल,” दोघंही एकदम म्हणाली. त्या वर्षात दोघांचं एकमत झाल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

गणपती झाले की उत्तर देते, असं आईने बाईंना कळवलं. आणि मग तिने जाहीर केलं की यंदा मखर ती करणार. दरवर्षी बाबा सेरंगून रोडवरून थर्मोकोलचं तयार मखर आणायचे, सोनेरी खांबांचं, दिव्यांच्या माळेसकट. “यंदा आठ नंबर,” आई म्हणाली. बाबांनी त्याचा अर्थ सोयीचा लावला. घरातल्या घरात पुठ्ठ्याची इमारत करून हिची हौस फिटेल, मग प्रकरण संपलं, असं त्यांनी मला मॉलमध्ये आइसक्रीम खाताना समजावून सांगितलं. मला तसं वाटलं नाही. आईने पहिल्या दिवशी पेन्सिलीला टोक काढलं तेव्हाच तिचा चेहरा बदलला होता. ती मखर करत नव्हती, हात आजमावून बघत होती. हात चालला तर जाणार, नाही चालला तर इथेच राहणार, असं तिने स्वतःशी ठरवलं असावं. मी देवाला मनातल्या मनात सांगितलं की तिचा हात चालू देऊ नकोस.

पण चालला. जेवणाच्या टेबलावर दीड-दोन महिने ती इमारत उभी राहत गेली आणि आम्ही सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवलो. आईने जुनी मापं कुठून काढली नाहीत, ती तिच्या डोक्यात होती. विटांच्या रांगा तिने लोणच्याच्या बरणीतल्या पाण्यात ब्रश बुडवून एकेक रंगवल्या, छपराला पॉलिश पेपर कापून माशाच्या खवल्यांसारखे तुकडे चिकटवले. मधली कमान सगळ्यात शेवटी केली. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, कळीचा दगड, तिने तीनदा करून तीनदा फेकला. खऱ्या दगडाला डावीकडे एक टवका गेलेला आहे, तो टवका जमत नव्हता. “कुणाला दिसणारे तो?” बाबा म्हणाले. “मला,” आई म्हणाली. त्या दिवसांत आमच्याकडे वरणभात आणि अंड्याची पोळी एवढंच शिजे. बाबा रोज संध्याकाळी हॉकर सेंटरमधून काहीतरी बांधून आणायचे आणि पिशवी मुद्दाम त्या टेबलावर ठेवायचे, ओल्या रंगाच्या शेजारी. आई पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवायची. हा खेळ दोघंही न चुकता खेळायची.

मूर्ती नऊ इंची हवी, असं आईने बाबांना बजावून सांगितलं होतं. मधल्या कमानीत तेवढीच नीट बसत होती, डोक्यावर बोटभर जागा सोडून. बाबांच्या ऑफिसातला एक जण पुण्याहून येताना शाडूची मूर्ती हातात धरून आणणार होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी खोकं उघडलं तर मूर्ती चांगली फूटभर उंच, मुकुट धरून त्याहून जास्त. “नऊ इंची संपल्या होत्या म्हणे,” बाबा म्हणाले. संपल्या असतील. मी आजवर त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि कधी एकीकडे झुकते, कधी दुसरीकडे. आईने मूर्ती कमानीसमोर धरून पाहिली आणि म्हणाली, “हरकत नाही. इमारतीच्या पुढे चौकात बसवू. चौकही तेवढाच महत्त्वाचा आहे.” तिने पाटावर चौकाचे दगड रंगवलेले होतेच. मला वाटलं, सुटला प्रश्न.

चतुर्थीला सकाळी आई दुर्वा, केवडा आणि केळीची पानं आणायला लिटिल इंडियाला गेली. सकाळी उशीर झाला की दुर्वांच्या जुड्या संपतात, म्हणून ती लवकर निघाली. मी आंघोळ करून आले तेव्हा बाबा सोवळं नेसून, उघड्या अंगाने, हातात कटर घेऊन आठ नंबरसमोर उभे होते. “देव चौकात बसत नाही,” ते मला म्हणाले, “देव मखरात बसतो. लोक काय म्हणतील, रस्त्यावर बसवलाय?” आणि त्यांनी मधली कमान वरून कापली. कळीचा दगड, त्याच्या बाजूचे दोन-तीन, वरच्या मजल्याच्या खिडकीचा उंबरा, सगळं. पुठ्ठा कापताना होतो तसा कोरडा आवाज आला. मी “बाबा!” एवढंच ओरडले. त्यांनी मूर्ती त्या भोकात ठेवली, बरोबर बसली, आणि लगेच मोबाइलवर पूजेची ध्वनिफीत लावून प्राणप्रतिष्ठा सुरू केली. नेहमी आई आल्याशिवाय आमच्याकडे पूजा सुरू होत नसे. नैवेद्याचे मोदक अजून उकडायचे होते. तरी बाबांनी मूर्तीच्या छातीला दुर्वांऐवजी तुळशीच्या डबीतलं वाळकं पान लावून मंत्र पुरे केले. गणपतीला तुळस चालत नाही हे त्यांना माहीत होतं. घाई इतकी होती.

आई आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. तिने पिशव्या खाली ठेवल्या, चप्पल काढायची विसरली.

“प्रतिष्ठा झाली,” बाबा म्हणाले. “आता पाच दिवस मूर्ती हलवता येत नाही.”

“दिसतंय मला.”

“मुहूर्त टळत होता, अनघा.”

“मुहूर्त दुपारपर्यंत आहे,” आई म्हणाली. “तू मला कापायला बघत होतास, तर मला कापायचं, नितीन. या इमारतीने तुझं काय बिघडवलं होतं?”

बाबा म्हणाले की पुठ्ठा आहे, नाटक करू नकोस. आईने चप्पल काढली, पाय धुतले आणि मोदकांची उकड काढायला घेतली. त्या दिवशीच्या मोदकांसारखे सुबक मोदक मी पुन्हा पाहिले नाहीत, एकेकाला एकवीस कळ्या, एकही फुटलेला नाही. आम्ही तिघं ते तुपाबरोबर खाल्ले. कुणी कुणाला वाढलं नाही, ज्याने त्याने घेतले. मला वाटलं होतं आई रडेल, आदळआपट करेल, आणि मग जाण्याचं राहूनच जाईल. मला तेच हवं होतं, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. सोळाव्या वर्षी आई घरात हवी असते, मग ती घरात असताना आपण तिच्याशी बोलत नसलो तरी.

पुढे कित्येक वर्षांनी आईकडे गेले तेव्हा मी तो चौक पाहिला. पाऊस भुरभुरत होता आणि ओवरीत एक माणूस चीज विकत होता. आईने मला हाताला धरून आठ नंबरच्या मधल्या कमानीखाली उभं केलं आणि वर बघ म्हणाली. टवका होता, डावीकडे, नखाएवढा. मी बघितला आणि सांगितलं की मला थंडी वाजतेय. मला ती इमारत आवडली नाही. फोटोत होती त्याहून बुटकी होती आणि फार नीटनेटकी होती. इतके सारखे चेहरे एका ओळीत उभे करणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसत नाही. पण हे पुढचं झालं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेले. आईने पूजा केली, आरती केली, आणि मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुठ्ठा घेऊन बसली. मूर्तीजवळ तिने पातं नेलं नाही. सगळे तुकडे आत ओट्यावर कापले, रंगवले, वाळवले, आणि बाहेर येऊन चिमट्याने एकेक दगड जागच्या जागी चिकटवला, मूर्तीच्या पुढून, बोटभर अंतर राखून. खाली तिने काडेपेट्यांचा तात्पुरता आधार रचला होता. खऱ्या कमानीला बांधताना देतात तसा, असं ती मला सांगत होती, आणि मी ऐकत नसल्यासारखं ऐकत होते. शेवटी कळीचा दगड बसला. टवका पहिल्या फटक्यात जमला. संध्याकाळपर्यंत कमान जुन्या मापाची झाली आणि गणपतीचे डोळे आणि मुकुट भिंतीमागे गेले. उभ्याने पाहिलं तर सोंडेचं टोक, पोट आणि मोदकाचा हात दिसे. चेहरा बघायचा तर गुडघे टेकून खालून वर बघावं लागे.

बाबांनी आल्या आल्या पाहिलं आणि त्यांचा आवाज चिरकला. “देवाला कोंडलंस तू?”

“मी देवाला बोटही लावलेलं नाही,” आई म्हणाली. “मूर्ती हलवायची नाही, हे तूच सांगितलंस. भिंत बांधायची नाही असं कुठल्या पोथीत आहे ते दाखव.”

बाबांनी कटर उचलला आणि परत ठेवला. पूजेतल्या मूर्तीसमोर पातं चालवायचं, आणि चुकून सोंडेला लागलं तर? मूर्ती भंगली तर? त्यांचा धीर झाला नाही. पुढचे तीन दिवस दर्शनाला येणारे लोक आधी गोंधळायचे, मग एकेक करून गुडघे टेकायचे, साड्या सावरत, पोटं सावरत. “काय कल्पना आहे! नम्र झाल्याशिवाय देव दिसत नाही, वा!” असं एका गृहस्थांनी म्हटलं आणि त्याचा फोटो सगळीकडे पाठवला. बाबांना कौतुक हसून स्वीकारावं लागलं. ते स्वतः आरतीला उभेच राहायचे, वाकायचे नाहीत. विसर्जनापर्यंत त्यांनी पुन्हा गणपतीचं तोंड पाहिलं नाही. आई रोज गुडघे टेकायची आणि उठताना बाबांकडे बघायची. ते बघणं मला आजही आठवतं आणि मला तिची भीती वाटली होती, ही गोष्ट खरी आहे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. बाबांचे साहेब साठेकाका आणि साठेकाकू आरतीला आले होते. बाथरूममधली मोठी बादली धुऊन, पाणी भरून, तिच्या काठाला झेंडूची माळ गुंडाळून दिवाणखान्यात ठेवली होती. शाडूची मूर्ती त्यात विरघळते. उत्तरपूजा झाली. बाबांनी मूर्ती हलवायला हात घातला आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की ती बाहेर येऊच शकत नाही. इमारत मागच्या फळीला आणि खालच्या पाटाला पक्की चिकटवलेली होती.

“मनू, कटर आण,” बाबा मला म्हणाले.

मी जागची हलले नाही. आईच आत गेली, कटर घेऊन आली, पातं वर सरकवलं आणि मूठ त्यांच्याकडे करून पुढे धरला. “तोड.”

“अगं, एवढी मेहनत केलीस,” साठेकाकू कळवळून म्हणाल्या, “वाया जाणार सगळी!”

“नाही काकू, तिचं काम झालं,” आई म्हणाली. “हात चालतो का, तेवढं बघायचं होतं. मी खऱ्या इमारतीच्या दुरुस्तीला जातेय. फ्रान्सला. आज दुपारी फोन करून कळवलं.”

“अय्या! किती दिवस?”

“एक वर्ष.”

साठेकाकांनी बाबांचं अभिनंदन केलं. बाबांना ते त्याच क्षणी कळत होतं आणि सगळ्यांसमोर त्यांना “हो, हो, थँक्यू” म्हणावं लागलं. त्यांनी कमान कापली. मग नको असताना बाजूच्या कमानीही कापल्या. मूर्ती बाहेर आली, मोरयाचा गजर झाला, आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पाहुणे गेल्यावर बाबांनी आठ नंबरचे तुकडे करून स्वयंपाकघरातल्या धुराड्यात टाकले. छप्पर त्यात जाईना, म्हणून ते जमिनीवर टाकून पायांनी चेपलं. पॉलिश पेपरने त्यांचा तळवा खरचटला. आई ओट्याशी उभी राहून मोदकपात्र घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आई निघेपर्यंतचे महिने आमच्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. कुकरच्या शिट्ट्या किती, पासाचं नूतनीकरण कधी, असलं. आई मला भात लावायला शिकवत होती आणि मी मुद्दाम तो करपवत होते. ती जाण्याच्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर विमानतळावर जाणार होते. बाबा येणार नव्हते, त्यांना मीटिंग होती. आम्ही बॅगा लिफ्टपाशी आणल्या तर बाबा स्वयंपाकघरातून आले, हातात वाटी आणि चमचा. वाटीत दही होतं, वर साखर. घरातून माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या तळहातावर चमचाभर दही घालतात, माणूस सुखरूप परत यावं म्हणून. आमच्याकडे हे काम नेहमी आई करायची, बाबा टूरला निघाले की. त्यांना चमचा नीट धरताही येत नव्हता.

“हात पुढे कर,” बाबा म्हणाले.

आईने वाटीकडे पाहिलं. “नको, नितीन.”

“अगं, निघताना घेतात.”

“परत यावं म्हणून घेतात,” आई म्हणाली.

लिफ्ट आली. आई आत शिरली, तिच्या मागून मी. बाबा तसेच उभे होते, चमचा पुढे केलेला, दह्याचा थेंब फरशीवर पडला तो त्यांनी अनवाणी पायाने पुसला. दार बंद झालं. मला त्या क्षणी बाबांची दया आली आणि आईचा राग आला.

“यू कुड हॅव जस्ट टेकन इट,” मी म्हणाले. “इट्स ओन्ली योगर्ट, व्हॉट.”

आई मजल्यांचे आकडे बघत राहिली. मग मला कळलं ती काय म्हणाली होती.

“वन इयर ओन्ली, राइट?” मी विचारलं. पुन्हा मराठीत विचारलं. “आई, एकच वर्ष ना?”

लिफ्टचं दार उघडलं. आईने बॅगेचा दांडा वर ओढला आणि म्हणाली, “टॅक्सी आलीय बघ, मनू. चल.”